तीन दिवस की दहा?

प्रिय कुंदा,

आज तुझा चौदावा दिवस. वर हॉलमध्ये मंडळी जमली आहेत आणि तुझ्याबद्दल चांगलं चांगलं बोलताहेत. "फार शांत मुलगी. कधी वर मान करून बोलली नाही," असं मंडळाच्या मीनाताईंनी आत्ताच सांगितलं. तू आणि शांत! मला धड हसताही येईना आणि ओरडताही येईना. "कपडे ड्रायरला लावून येते," असं सांगून खाली बेसमेंटमध्ये आलेय आणि ड्रायरवर कागद ठेवून हे लिहितेय. आत एकही कपडा नाही, नुसताच फिरतोय. वर आवाज जायला हवा ना!

लोक एवढ्यावर थांबले असते तर मीही गप्प बसले असते. पण पुढे कुणीतरी म्हणालं, "भजनं काय सुंदर म्हणायची!"

भजनं? स्टेशनसमोरच्या चाळीस खुर्च्यांच्या नाइटक्लबात तू एकोणीस वर्षं दर मंगळवारी हातात बर्बनचा ग्लास घेऊन गात होतीस. तुमच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या गायचीस, आणि मागे क्लबवाल्या मार्विनचा तो माणसाएवढ्या उंच व्हायोलिनसारखा बास घुमायचा. ही गोष्ट ओक ट्री रोडवरच्या देशी भाजीवाल्यालासुद्धा माहीत आहे. वर बसलेल्या सगळ्यांना माहीत आहे. बोलायला मात्र कुणी तयार नाही.

तू मला हसत सांगितलं होतंस, आठवतं? बर्फात ट्रेन कॅन्सल झाली आणि बाथरूम शोधत तू त्या क्लबात शिरलीस. पाणी तपासायच्या लॅबमधली नोकरी, पायात ओले बूट, डोक्यावर कानटोपी. मंगळवार होता, ज्याला गायचं त्यानं गावं असा दिवस. तू ऊब घ्यायला थांबलीस आणि बाहेर पडलीस ती पुढच्या मंगळवारची वेळ ठरवून. "वहिनी, इथे कुणी मला नवऱ्याचं विचारलंच नाही," असं म्हणाली होतीस. ते वाक्य मला तेव्हा टोचलं होतं. टोचायलाच हवं होतं.

कारण त्याच्या आदल्याच महिन्यात तू आमच्या दाराशी आली होतीस. ओहायोचं घर आणि तो माणूस सोडून, दोन बॅगा आणि पेटी घेऊन. तुझा दादा जेवणाच्या टेबलाशी बसून म्हणाला, "चार दिवस राहा, डोकं शांत कर आणि परत जा. मुलगी दिल्या घरची. तू आता त्या घरची आहेस." तू माझ्याकडे बघितलंस. मी काय केलं? चहा केला! ओट्याकडे तोंड करून आलं किसत राहिले. इतकं आलं घातलं की तो चहा कुणाला पिववेना. तू दुसऱ्या दिवशी स्टेशनजवळ खोली बघितलीस आणि निघून गेलीस. त्यावर तू मला कधी एका शब्दानं बोलली नाहीस. एकदा तरी बोलायचं होतंस गं, मला बरं वाटलं असतं.

पुढे दादानं एक अटही घातली. "गा, पण आपलं आडनाव बारच्या पाटीवर नको." तू खांदे उडवलेस. तेव्हापासून क्लबच्या दारातल्या काळ्या फळ्यावर खडूनं नुसतं 'कुंदा' लिहिलेलं असायचं. मी तुझ्याबरोबर पेटी वाजवायला लागले तेव्हा तर माझं नावही नव्हतं. दर मंगळवारी कुठे जाते ते तुझ्या दादानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आमचा संसार या एका गुणावर चाललाय.

मग तुझी साठी आली. लोक साठीला होमहवन करतात, बाईसाहेबांनी मार्विनकडे आठवडा मागितला! मंगळवार ते रविवार, रोज संध्याकाळी सात वाजता, सहा दिवस फक्त तुझी गाणी. मार्विन म्हणाला, "एवढी वर्षं वाट बघत होतो, कधी मागतेस ते." बारमध्ये तुझ्या नावाचं ड्रिंकसुद्धा ठरलं. कोकमाचं आगळ, बर्बन, साखरेचा पाक आणि वर जिऱ्याची चिमूट. आगळाच्या बाटल्या तू स्वतः नेऊन दिल्यास आणि बारवाल्या पोरीला तीन वेळा करायला लावलंस.

आणि आदल्या गुरुवारी सकाळी गेलीस. छातीत दुखत होतं तर मला का नाही सांगितलंस? म्हणे अ‍ॅसिडिटी! तुझ्या पर्समध्ये पाचक गोळ्यांचं अख्खं पाकीट सापडलं. पाण्याच्या थेंबात काय मिसळलंय ते ओळखणारी बाई तू, आणि स्वतःच्या छातीतलं कळलं नाही? मी अजून तुझ्यावर चिडलेली आहे, सांगून ठेवते.

आता ऐक, तुझ्या माघारी काय झालं ते.

शुक्रवारी मी म्हटलं, "मंगळवारी क्लबात वाजवायला जाणार आहे. आठवडा ठरलाय, तो होणार." तुझा दादा उडालाच. "सुतकात? दहा दिवस वाद्याला हात लावायचा नाही, आणि तू बारमध्ये जाऊन वाजवणार?" तेवढ्यात मीनाताईंचा फोन. "शैला, अगं बारमध्ये? लोक काय म्हणतील यार!" सत्तरीच्या बाई यार म्हणायला लागल्यात, ते चालतं.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "दहा दिवस कसले? लग्न झालेल्या बहिणीचं सुतक तीन दिवस. एकोणीस वर्षांपूर्वी याच टेबलाशी बसून काय म्हणाला होतात? दिल्या घरची! मग दिल्या घरचीचं दहा दिवस कुठून आणलंत?"

त्यानं फोन उचलला. गुरुजींना लावला, स्पीकरवर. गुरुजी म्हणाले, "विवाहित बहीण असेल तर तीन दिवस, लग्न झालेलं नसेल तर दहा." तुझ्या दादानं घसा खाकरून विचारलं, "आणि डिव्होर्स झाला असेल तर?" पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. शेवटी ते म्हणाले, "पुस्तकात तसं काही दिलेलं नाही हो. तुम्ही तिला कुठली धरता, त्यावर आहे."

फोन ठेवल्यावर तुझा दादा गॅरेज आवरायला गेला आणि मी भांडी घासायला. 

शनिवारी तुला निरोप देऊन आलो. रविवारी सकाळी तुझा दादा माझ्यासमोर येऊन बसला. डोळे सुजलेले. म्हणाला, "ठीक आहे. तीन दिवस धरू. ते काल संपले. तू मंगळवारी जा, म्हणजे कुणी बोलायला नको."

मी जिंकले होते, कुंदा! आणि जिंकल्याबरोबर उमगलं. अगं, मी काय केलं होतं? भांडण जिंकायच्या नादात तुला मीच परत त्या घरी पाठवलं होतं. ज्या दारातून तू दोन बॅगा घेऊन जीव मुठीत धरून निघालीस, त्याच दाराशी मी तुला मेल्यावर नेऊन उभं केलं, का तर मला पेटी वाजवायला मिळावी म्हणून. दोन्ही वेळा तूच गैरसोयीची. कधी दहाची, कधी तीनची!

मी म्हटलं, "नाही. दहा दिवस. ती आपली आहे, पूर्ण दहा दिवसांचं सुतक धरायचं. आणि त्या दहा दिवसांत मी क्लबात जाऊन वाजवणार. सुतकात. सगळ्यांना सांगून."

"असं दोन्ही कसं चालेल?"

"चालेल. मी चालवणार."

मंगळवारी पेटी मागच्या सीटवर ठेवली, तिला सीटबेल्ट लावला आणि गेले. फळ्यावर तुझंच नाव होतं, तुझ्याच हातचं. आदल्या आठवड्यात तूच लिहून ठेवलेलं. मार्विननं ते पुसू दिलं नव्हतं. लोक इतके आले होते की बारवाल्या पोरीनं स्वतःचं स्टूलसुद्धा कुणाला तरी देऊन टाकलं.

गाणार कोण, हा प्रश्नच होता. मी पेटीवाली. मार्विन म्हणाला, "मिसेस डी, या ओव्या तुमच्याशिवाय कुणाला येतात?" मग काय, गायला बसले. तुझ्या पट्टीत सुरू केलं, काळी पाच, कारण माझी बोटं तिथेच जातात. दुसऱ्या ओळीला आवाज असा फाटला की समोरच्या म्हाताऱ्यानं घाबरून ग्लास खाली ठेवला. मी थांबले. कान तापले. वाटलं, पेटी बंद करावी आणि सरळ घरी जावं.

मार्विननं बासवरचा हात उचलला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "तुमचा सूर कोणता?"

कुंदा, एकसष्ट वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मलाच माहीत नव्हता! तिथेच बसून शोधला. एकेक पट्टी दाबत खाली आले, लोक शांतपणे थांबले. पांढरी चारला आवाज बसला. तिथून गायले. तुझ्यासारखं नाही गं, तुझ्या आवाजाला धार होती. माझा आपला जाड, वरणासारखा. पण सहाही दिवस टिकला.

आणि सुतक पाळलं बरं का! पहिल्याच दिवशी बारवाल्या पोरीला सांगितलं, आमच्यात घरचं माणूस गेलं की गोड खात नाहीत, तेव्हा 'कुंदा' बिनसाखरेचा करायचा. ती म्हणाली, "इट्स गोइंग टु बी टेरिबल, मिसेस डी." होतंच टेरिबल. आंबट, खारट, वर बर्बन. लोकांनी तोंडं वाकडी केली, का ते विचारलं, आणि मग दुसरा मागवला. मंगळवार ते शनिवार त्या आख्ख्या क्लबानं तुझं सुतक पाळलं. भावकीनं पाळलं नसतं इतकं!

मीसुद्धा रोज एक घेतला. हो, घेतला. वर कुणाला काय म्हणायचं ते म्हणू देत.

रविवार अकरावा दिवस. मी पेटीचा भाता उघडत होते आणि मागच्या दारातून तुझा दादा आला. इस्त्रीचा शर्ट, डोक्याचे केस उतरवलेले, शनिवारी तुझे दिवस त्यानं स्वतः केले होते. कोपऱ्यातल्या खुर्चीवर असा बसला, जणू डेंटिस्टकडे आलाय. मार्विननं त्याच्यासमोर 'कुंदा' आणून ठेवला, बर्बनशिवाय. "आज साखर घातलीय," म्हणाला. गोडाचा पहिला घास बाहेरच्या माणसानं द्यायचा असतो आपल्यात, हे त्या माणसाला कुणी शिकवलं असेल? मी तर नाही.

दादानं तो एका दमात संपवला. मग तिसऱ्या ओवीला, जी तुमच्या आई भावाबहिणीची म्हणायच्या, त्यानं रुमाल काढला आणि लपवला नाही.

मध्यंतरात मी बाहेर आले तर हा फळ्यासमोर उभा, हातात खडू. तुझ्या अक्षराला धक्का न लावता त्याच्या पुढे आडनाव लिहीत होता. देवस्थळी. इंग्रजीत दहा अक्षरं! फळ्यावर जागा कुठली? अक्षरं बारीक होत गेली आणि शेवटचा आय चौकटीवर गेला. मला बघून म्हणाला, "आधीच लिहिलं असतं तर नीट बसलं असतं."

"हो," मी म्हटलं. समजूत घातली नाही. तूही घातली नसतीस.

तर असा झाला तुझा आठवडा. आणि आज हाच माणूस वर सोफ्यावर बसलाय, लोक 'भजनं गायची' म्हणताहेत आणि हा मान डोलावतोय! अनोळखी लोकांच्या फळ्यावर लिहिणं सोपं असतं बहुतेक. मला त्याचा राग आला होता, म्हणून तर खाली आले.

पण आत्ता ड्रायरवर कोपर टेकून लिहिताना लक्षात आलं, अगं, मी तरी काय करतेय? तेव्हा ओट्यापाशी आलं किसत उभी होते, आज रिकामा ड्रायर फिरवतेय. तो मान डोलावतो आणि मी चहा करते, कपडे वाळवते. एकोणीस वर्षांत मी एवढीच पुढे आले का?

नाही. आता पुरे.

ड्रायर बंद करतेय. हा कागद घेऊन वर जाणार आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचणार. मीनाताईंसमोर, तुझ्या दादासमोर, बर्बनसकट, आल्याच्या चहासकट. तुझं नाव घेताना आडनाव लावून घेईन. कुणाला उठून जायचं असेल तर चपला दारातच आहेत. आणि कुणी विचारलं की नक्की काय गायची ती, तर पेटी हॉलमध्येच आहे. वचन देते, तुझ्या पट्टीत नाही, माझ्या पट्टीत गाईन.

तुझी,
शैलावहिनी
पांढरी चार