‘युज्वल’ या शब्दाचे खरे वाक्य

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, अविवाहित, इंग्रजी शब्दकोशाची निवृत्त सहसंपादक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हृदयाची खात्री डॉक्टर देत नाहीत. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. होते तेव्हा मी गप्प बसले, ते पुढे येईलच. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. दोन खोल्यांचे राहते घर आणि बँकेतली शिल्लक धाकट्या बहिणीला द्यावी. तिने नाकारल्यास मनधरणी करू नये. तिला तो हक्क आहे.

२. कपाटातली चाळीस हजार कार्डे विद्यापीठाला द्यावीत. प्रत्येकावर एक इंग्रजी शब्द आणि कोणीतरी खरोखर लिहिलेले, तो शब्द असलेले वाक्य आहे. दुकानाच्या पाट्या, राजीनामे, प्रेमपत्रे, काही वर्ज्य केले नाही. रचलेले वाक्य शब्दाचा अर्थ सांगते, शब्द वागतो कसा ते सांगत नाही, असे मी नवशिक्यांना दटावत असे. क्रम बिघडवू नये.

३. ‘युज्वल’चे कार्ड त्यात नाही. ते आणि त्याचा मूळ कागद माझ्या मेहुण्यांचा, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याचा आहे.

मेहुणे गिरणीत पहारेकरी होते. त्यांना इंग्रजी येत नाही. ऑफिसातले टाकाऊ कागद ते मला आणून देत. “ताई, बघा, एखादा शब्द सापडतो का यात.” त्यातल्या एका कागदावर मालकांनी मॅनेजरला लिहिले होते, की पाळी सुटेपर्यंत मागच्या दाराला ‘अ‍ॅज युज्वल’ बाहेरून कुलूप असावे. नेहमीप्रमाणे. वाक्य छान होते. मी कार्ड केले.

आठ महिन्यांनी गिरणीला आग लागली. मागच्या दाराशी अडकून तीन बायका गेल्या. मालकांनी कोर्टात सांगितले, ते दार कधीच बंद नसे, पहारेकऱ्याने त्या दिवशी मनानेच कुलूप घातले. मेहुणे म्हणत राहिले, “रोजचंच होतं साहेब, हुकूम होता.” दाखव म्हटल्यावर हात रिकामे. हुकूम माझ्या खणात होता.

मी तो मुख्य संपादकांकडे नेला. त्यांनी आधी दार लोटले. “बाई, आपली छपाई त्या मालकांच्या जिवावर चाललीये. वाक्य बदला. आणि कागद उद्या माझ्याकडे आणून द्या.” दुसऱ्या दिवशी कागद हरवला म्हणून मी खोटे बोलले. वाक्य मात्र बदलले: तो नेहमीप्रमाणे चहा प्यायला. साऱ्या शब्दकोशात मी रचलेले हे एकच. निवृत्तीला वर्ष उरले होते. माझे पेन्शन वाचले, मेहुण्यांना पाच वर्षांची कैद झाली.

४. मुख्य संपादकांना शब्दकोशाची माझी प्रत द्यावी. ‘यातील प्रत्येक वाक्य खरे आहे’ ही त्यांची प्रस्तावना. ते पान दुमडून ठेवले आहे.

५. गेल्या वर्षी मी बहिणीकडे जाऊन तो कागद मराठीत वाचून दाखवला. मेहुणे म्हणाले, “पुन्हा वाचा.” तीनदा वाचला.

“तारीख आहे?”

“आहे.”

“सही?”

“मालकांचीच.”

ते उठून खिडकीशी पाठमोरे उभे राहिले. बहीण म्हणाली, “इतकी वर्षं दर रविवारी माझ्या हातचं जेवलीस, ताई. घास उतरला कसा गं?”

मी म्हटले, घर तुझ्या नावावर करते.

“घर नको. कोर्टात ये आणि हेच मोठ्याने सांग.”

६. खटला पुन्हा उभा राहिला आहे. उद्या अकरा वाजता माझी जबानी आहे. मी पोहोचले नाही, तर हे मृत्युपत्रच जबानी समजून न्यायाधीशांसमोर वाचावे. मूळ कागद वकिलांकडे दिला आहे; माझे घर फोडून कोणाला काही मिळणार नाही. गेल्या आठवड्यात दोन अनोळखी माणसे जिन्यात उभी होती, म्हणून हे लिहिते.

कागद वाचला तेव्हापासून मेहुणे माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. आज सकाळी त्यांचा फोन आला: “एकट्या निघू नका. उद्या दहाला मी न्यायला येतो.”

सही: वर लिहिल्याप्रमाणे
साक्षीदार: १. खालच्या मजल्यावरचे डॉक्टर २. छापखान्यातले खिळे जुळवणारे जुने जुळारी
स्थळ: राहते घर, दुसरा मजला
दिनांक: १७ फेब्रुवारी, दुपारी चार