संत्री खाडीत शिरतात

४ फेब्रुवारी

सरांनी माझी स्लाइड काढून टाकली. विचारलं नाही, सांगितलं नाही. सकाळी फाइल उघडली तर पाचवीनंतर एकदम सातवी. वाटलं, माझाच हात लागला असेल. मग त्यांच्या खोलीत गेले. मान वर न करता म्हणाले, "परिषद तीन आठवड्यांवर आलीय. आता नवीन शंका नकोत."

नवीन! किती दिवस कानीकपाळी ओरडतेय.

गोष्ट एवढीशी आहे. आमचं संगणकावरचं मॉडेल समुद्राचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनात पाणी कुठे चाललंय, वारा तेलाला कुठे ढकलतोय ते काढतं. खाडीचं तोंड एका चौकोनापेक्षा अरुंद. म्हणून पहिल्यांदा जाळी आखताना तो चौकोन जमीन धरला. झालं, खाडी बुजली. आता वारा कसाही सुटो, आमच्या नकाशातलं तेल खाडीत शिरतच नाही. सगळं जाऊन लागतं समोरच्या किनाऱ्याला, हॉटेलांपुढे. आणि ह्याच नकाशावरून आराखडा झालाय – पुढच्या वेळी तेल सांडलं की ते अडवायचे तरंगते पट्टे कुठे बांधायचे, त्याचा. सगळे पट्टे हॉटेलांपुढे. खाडीला एकही नाही. परिषदेत मंत्र्यांच्या हस्ते प्रकाशन आहे म्हणे.

सहाव्या स्लाइडवर मी तो एकच चौकोन उघडला होता. तेल सरळ आत गेलं.

५ फेब्रुवारी

स्लाइड परत घातली.

६ फेब्रुवारी

परत काढली. फाइलला आता पासवर्ड लावलाय. बरं. बघू कोण दमतं ते.

९ फेब्रुवारी, रविवार

खाडीवर गेले. आत्या म्हणाली मी पण येते, घरात बसून पाय आखडलेत. तिनं नोकरीभर गणित शिकवलं. निवृत्त झाल्यापासून तपासायला पेपर नाहीत म्हणून मला तपासते.

ओहोटी होती. चिखलात शिंपल्या काढणाऱ्या बायका. खारफुटीच्या मुळांवर गुडघाभर उंचीला अजून काळा पट्टा आहे. बोट लावलं तर चिकट. जहाजातून तेल गळलं त्याला वर्ष झालं!

त्यातली एक बाई कमरेवर हात ठेवून आमच्याकडे बघत होती. म्हणाली, "काय शोधताय?" म्हटलं तेल. ती हसलीच. "आता आलात होय? गेल्या साली शिंपल्यांना रॉकेलचा वास यायचा. फुकट दिल्या तरी कोणी नेईना. हाफिसात सांगायला गेलो तर म्हणाले, पाहणीत तेल आढळलं नाही."

"पाहणीला आलं होतं का कोणी?"

"एक जण आला होता. गाडीतनं. काच खाली केली, नाकाला रुमाल लावला, बघितलं नि गेला. बूट भरतील म्हणून उतरला नाही. म्हटलं असेल कोणी विमावाला."

परतताना आत्याला समजावून सांगितलं. मॉडेलनं खाडीत तेल दाखवलं नाही, म्हणून पथक पाठवलं नाही. पथक गेलं नाही, म्हणून तेल सापडलं नाही. तेल सापडलं नाही, म्हणून मॉडेल अचूक. अहवालात तसं छापलंय, सरांना त्यावर पुरस्कार मिळालाय.

आत्या म्हणाली, "आपणच पेपर काढायचा, आपणच लिहायचा, आपणच तपासायचा. आमच्या शाळेत असल्याला पैकीच्या पैकी देत नव्हते, बाहेर उभं करायचे."

११ फेब्रुवारी

जाळीशी बोलले. तो माझ्या समोरच्या टेबलावर बसतो, दिवसभर मॉडेलची जाळी विणतो, म्हणून सगळे त्याला जाळीच म्हणतात. मनानं वाईट नाही. नुसता घाबरट.

"तुझा करार पुढच्या महिन्यात संपतोय," म्हणाला. "कशाला सरांच्या वाटेला जातेस? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ नाही रे झाकलेली. खाडी झाकलीय."

"मग निरीक्षण दाखव. सर काय म्हणणार? खाडीत तेल गेल्याचं मोजलेलं निरीक्षण कुठाय? मुळांवरचा काळा पट्टा कुठल्याही होडीचा असू शकतो."

हे मात्र त्याचं खरं. आणि मोजायचं म्हणून मी काही समुद्रात तेल ओतू शकत नाही.

दुपारी डब्यातलं संत्रं सोलता सोलता डोक्यात आलं. संत्री! आमच्या धंद्यातली जुनी युक्ती. संत्रं पाण्यात जवळजवळ बुडून तरंगतं, वरच्या पाण्याबरोबर वाहतं, लांबून दिसतं, आणि राहिलं तर मासे खातात. तेल कुठे जाईल ते बघायला यंत्रं नव्हती तेव्हा लोक हेच टाकायचे. आम्ही सगळे कॉलेजात शिकलो आणि विसरलो.

१३ फेब्रुवारी

फळवाल्याकडून दबलेली, डागाळलेली पोतंभर संत्री उचलली. आत्या दारातच आडवी. "खाण्याची वस्तू पाण्यात टाकणारी आपल्या घराण्यात तू पहिली."

मग स्वतःच कपाटातून लाल नेलपॉलिश काढून आणलं. कुठल्याशा लग्नात आलेलं, कधी लावलं नाही. आमची ओळखू यायला हवीत ना. प्रत्येकावर एक आडवी रेघ. मी भराभर ओढत होते तर मला ओरडली – "रेघ म्हणजे रेघ. फराटा नको." घरभर संत्र्याचा आणि नेलपॉलिशचा वास. मला फार बरं वाटलं. किती दिवसांनी काहीतरी हातानं करतेय.

१५ फेब्रुवारी

आज वारा अगदी गळतीच्या दिवसासारखा. भरतीही तशीच. सकाळीच बंदराच्या नियंत्रण कक्षात गेले. तिथल्या मुख्य माणसाला सगळे कप्तान म्हणतात. आयुष्य जहाजावर गेलं, आता खिडकीशी बसून दुसऱ्यांची जहाजं आत घेतो. गळती झाली तर पट्टे कुठे बांधायचे त्याचा हुकूमही ह्याच खोलीतून सुटतो.

पोतं बघून म्हणाला, "मॅडम, हे काय? परवानगी आहे?"

"संत्र्यांना लागते?"

त्यानं विचार केला. "कचऱ्याला लागते. फळांबद्दल नियमात काही नाही."

त्याच्या बोटीतून गेलो. गेल्या वर्षी जहाज जिथे गळलं तिथेच ओतली. लाटांवर पसरली तेव्हा बोटीवरचे सगळे हातातलं काम सोडून बघत उभे. कप्तान म्हणाला, "पैज लावा. हॉटेल की खाडी?" मी लावली नाही. हॉटेलांपुढे गेली तर मी सोमवारी सरांची माफी मागेन, हेही इथे लिहून ठेवते.

१६ फेब्रुवारी, रविवार

खाडीत! शिंपल्यावाली बाई टोपलीच घेऊन उभी. "ही तुमचीच का हो, लाल रेघेची?" पार आतपर्यंत, मुळांमुळांत अडकलेली. पोरांनी काही खाल्लीही, सालं रेघेसकट मिळाली. मग हॉटेलांपुढचा किनारा पायी पालथा घातला. तिथेही सापडली, नाही असं नाही – पण मूठभर. एक रखवालदार त्यातलंच एक सोलत बसला होता. बाकी सगळी खाडीत.

रडू आलं मला. चिखलात उभी राहून रडले. आत्या म्हणाली, "उत्तर बरोबर आलं की रडत नाहीत, खाली दोन रेघा मारतात."

१८ फेब्रुवारी

सरांना फोटो दाखवले. नकाशा दाखवला. एक संत्रं टेबलावर ठेवलं.

"संत्रं म्हणजे तेल नव्हे."

"बरोबर सर. पण दोघांनाही आपली जाळी माहीत नाही. वाट दिसली की शिरतात."

त्यांनी संत्रं उचलून लाल रेघेवरून नख फिरवलं. ओरडले नाहीत. मला त्याचंच नवल वाटलं. मग अगदी हळू म्हणाले, "तो चौकोन उघडला की गेल्या वर्षीचं सगळं उघडतं. पट्टे कुठे बांधायचे ते तेव्हा मीच सांगितलं होतं. तुला कळतंय का, काय मागतेयस?"

"एक पट्टा मागतेय सर. खाडीच्या तोंडाशी."

परिषदेतलं माझं भाषण रद्द. पोस्टर लावायची परवानगी. "तेवढं करू शकतो तुझ्यासाठी," म्हणाले. उपकारच.

२५ फेब्रुवारी

परिषदेचा पहिला दिवस. हॉटेल त्यातलंच, ज्यांच्यापुढे आराखड्यात सगळे पट्टे आहेत. सभागृहात असा गारठा की सगळे शाली-कोट घालून समुद्राच्या वाढत्या तापमानाबद्दल बोलत होते. प्रदूषणावर बोलताना प्लास्टिकच्या बाटलीतून पाणी. गळ्यात ओळखपत्रांचे पट्टे, हातात पिशव्या, पिशवीत माहितीपत्रक, त्यावर सरांचा मोठा फोटो. पडदे ओढलेले, नाहीतर समुद्र दिसला असता.

दिवसभरात "सागरी परिसंस्था" शंभरदा ऐकलं. शिंपली एकदाही नाही. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, आणि उंटसुद्धा वातानुकूलित.

२६ फेब्रुवारी

माझं पोस्टर स्वच्छतागृहाच्या वाटेवर. त्यांना वाटलं अडगळीत टाकलं. अहो, तिथे प्रत्येकाला यावंच लागतं! शेजारी टोपलीत लाल रेघेची संत्री ठेवली. लोक फळाला थांबायचे, सोलता सोलता वाचायचे. संपेपर्यंत वाचून होत होतं. जाळी तीनदा आला. तिसऱ्यांदा कुजबुजला, "बारीक जाळी करून मी चालवलं. तुझंच बरोबर आहे." म्हटलं, हे मोठ्यानं बोल. गेला.

कप्तानही आला. नकाशाचा फोटो काढला, दोन संत्री खिशात घातली.

दुपारी सरांचं भाषण. नंतर प्रश्न. मी हात वर केला. अध्यक्षांना दिसला नाही. मी उभी राहिले. तेव्हा दिसला.

"सर, आराखड्याच्या नकाशात खाडीचं तोंड कुठे आहे?"

सर म्हणाले, "मॉडेलच्या काही मर्यादा असतात."

"ती मर्यादा जाळीची आहे. खाडीला तोंड आहे, भरतीला रोज उघडं असतं. हवं तर पडदा बाजूला करा, इथून दिसेल."

कोणीतरी मागच्या रांगेत खरंच पडदा ओढला. सगळ्यांनी बघितलं. अध्यक्षांनी घाईघाईनं चहाची सुट्टी जाहीर केली.

२७ फेब्रुवारी

आराखड्याचं प्रकाशन झालं. जसाच्या तसा. मंत्र्यांनी तो उलटा धरला होता फोटोत.

२८ फेब्रुवारी

करार वाढवणार नाहीत. दोन ओळींचं पत्र. जाळीनं माझा कप धुवून पिशवीत घालून दिला आणि डोळे पुसले. त्याच्यावर रागवताही येईना.

घरी आत्यानं विचारलं, "माफी मागितली असतीस तर ठेवलं असतं का?"

"ठेवलं असतं."

"मग?"

"मग काय. तोंड असून बुजवून घ्यायला मी काय चौकोन आहे?"

हसली. म्हणाली, माझी पेन्शन दोघींना पुरते, तू मान खाली घालून फिरू नकोस. फिरणार नाहीच. पण वाईट वाटतंय. खूप वाटतंय. ते टेबल माझं होतं, त्या खिडकीतून बंदर दिसायचं. आणि एवढं करून आराखड्यात एक रेघ हलली नाही. पुढचं तेल आत जाणार, ती बाई परत टोपली घेऊन उभी राहणार, तिला परत सांगणार – आढळलं नाही.

७ मार्च

दोन ठिकाणी अर्ज केले. तिसरा पाठवताना कळलं, शिफारसपत्रासाठी अजून सरांचंच नाव लिहितेय. खोडलं. खाली कप्तानाचं लिहिलं.

१९ मार्च

सकाळी कप्तानाचा फोन. "मॅडम, पहाटे धक्क्यावर एका जहाजाचा पाइप फुटला. तेल गेलं पाण्यात. पण खाडीचं तोंड वेळेत बांधलं. आत थेंब नाही."

म्हटलं, "आराखडा मोडलात तुम्ही? माझ्यासाठी नोकरी घालवाल."

"मी कसला मोडतोय? हुकूम तुमच्या सरांचा. मी विचारलं, नकाशाप्रमाणे हॉटेलांपुढे बांधू का? तर फोनवर ओरडले – नकाशा ठेवा बाजूला, आधी खाडी अडवा. तेल आतच घुसतं तिथे, गेल्या वर्षी डोळ्यांनी बघितलंय मी."

डोळ्यांनी बघितलंय.

म्हणजे सर. तोच गेला होता पाहणीला. गाडीतनं. काच खाली करून.

परिषदेच्या माहितीपत्रकावर त्याचा मोठा फोटो आहे. कपाटातून काढून ठेवलाय. उद्या ओहोटीला खाडीवर जाते, त्या बाईला दाखवायला.