सॉसवरच्या फॉइलची भोकं

ता. ४ जुलै

चि. भिंगरी हिस,
काकाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तब्येत ठीक, पण तुझी काकू माझ्याशी बोलत नाही. डॉक्टरांनी रक्तदाबापायी माझं मीठ तोडलंय, हे तुला ठाऊक आहेच. हिने मुलांसाठी टोमॅटोचा सॉस केला, स्टीलचं पातेलं काठोकाठ भरलं आणि वर फॉइल घट्ट दाबून फ्रिजमध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी बघते तर फॉइलला बारीक बारीक भोकं! आता मी पडलो शिंपी. सुईने भोकं पाडून नळीने सॉस ओढला, असा माझ्यावर आळ आहे. अगं, उभ्या जन्मात मी भोकं बुजवली, पाडली नाहीत.

घरात इतकी शांतता आहे की मशीन चालवायचीही भीती वाटते. तू बारावीला रसायनशास्त्र शिकतेस, काहीतरी कर आणि मला सोडव. लोभ असू दे. इथे सध्या त्याची टंचाई आहे.

तुझा निरपराध काका

ता. ९ जुलै

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

पत्र काकूला दाखवा. तुमच्या फ्रिजमध्ये चोर नाही, विद्युतघट आहे! अ‍ॅल्युमिनियम इलेक्ट्रॉन सोडायला भारी उतावळं, स्टील तितकं नाही. दोन्ही काठाशी टेकली की इलेक्ट्रॉन फॉइलमधून पातेल्यात जातात. तिथे सॉसमधलं आम्ल ते उचलतं. खारट-आंबट सॉसमधून आयन ये-जा करतात, म्हणून विजेचं मंडल पूर्ण होतं. इलेक्ट्रॉन गमावणं म्हणजे ऑक्सिडीकरण, ते होतं तो अ‍ॅनोड, म्हणजे फॉइल. इलेक्ट्रॉन गमावलेले अणू आयन होऊन सॉसमध्ये विरघळतात आणि मागे भोक उरतं. पातेलं कॅथोड, त्याला काही होत नाही. (मागच्या चाचणीत मी हे दोन्ही उलटे लिहून शून्य मिळवलं होतं, तेव्हा यावेळी खात्री बाळगा.)

काकूला पटत नसेल तर नवा सॉस करून अर्धा स्टीलच्या आणि अर्धा काचेच्या भांड्यात काठोकाठ भरायला सांगा. दोन्हींवर फॉइल दाबा. काचेतून इलेक्ट्रॉन जात नाहीत, तिथे भोकं पडणार नाहीत.

तुम्हां दोघांना नमस्कार. माया आहे तशीच राहू द्या.

तुमची वकील, भिंगरी

ता. १७ जुलै

चि. भिंगरी हिस,
काकूचे आशीर्वाद.

तू सांगितलंस तस्संच केलं. स्टीलवरच्या फॉइलची चाळण झाली, काचेवरची अगदी कोरी. सुईचा आळ घेतल्याबद्दल मी काकांची माफी मागितली. त्यांनीही मोठ्या मनाने माफ केलं.

मग काचेवरची फॉइल उचलली. भोक एकही नाही, पण काठोकाठ भरलेला सॉस चार बोटं खाली! काका म्हणाले, तेवढे इलेक्ट्रॉन गेले असतील. मी म्हटलं, काचेतून जात नाहीत, भिंगरीने लिहून दिलंय. शिवाय त्यातले काही मिशीला लागले आहेत.

सॉसचं मला काही नाही गं. मागे हे रक्तदाबापायी दुकानात चक्कर येऊन पडले, तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली होती. म्हणून जीव जळतो.

अबोला मात्र तुझ्यामुळे सुटला. परवा सकाळी मी बोलायला सुरुवात केली, अजून थांबलेली नाही. ते मशीनवर बसून आहेत आणि तुला पत्र लिहायचं म्हणतात. मला पुन्हा गप्प करील असं काही तुमच्या पुस्तकात आहे का, ते त्यांना हवंय. असलं तरी कळवू नकोस.

अभ्यास कर, आणि आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी काकू