रुमालाखालची बोटं

सोमवार, २ फेब्रुवारी
रोहिणीबरोबर बेल्ह्याच्या बैलबाजारात. पोरीचा एम.एस्सी.चा प्रकल्प – सिगरेट किती ओढली की कोलेस्टेरॉल किती चढतं, ते साठ माणसांच्या आकड्यांवरून मांडायचं. लॅबची उज्ज्वला रक्त काढत होती. पण "सिगरेटी किती?" विचारलं की जो तो "नाय बा!" – मागं चुलता उभा ना! शेवटी गेणभाऊ दलाल म्हणाला, "ताई, बैलाचा भाव आमी रुमालाखाली बोटं धरून सांगतो. तसंच इचारा की! कुणाला दिसतंय?"

आणि काय राव – रुमालाखाली सगळा बाजार खरं बोलला.

माझ्या हातावर रोहिणीनं रुमाल टाकलाच नाही. "बाबांचं मला माहितीये," म्हणत तिनंच शून्य लिहिलं. मी बैलांकडे बघत राहिलो. रक्त मात्र दिलं – ऐटीत!

बुधवार, ४
सात वर्षांपूर्वी साप्ताहिकातल्या माझ्या सदरात 'मी सिगरेट सोडली' लिहिलं. लोकांनी कात्रणं जपून ठेवली. मी सिगरेटी जपून ठेवल्या – स्कूटरच्या डिकीत, पुसायच्या फडक्यात. आज पाकिटात सात हव्या होत्या, पाच निघाल्या. खोटारड्याचं गणितही कच्चं!

शनिवार, ७
रिपोर्ट आले. न ओढणाऱ्यांत सगळे दोनशेच्या आत, मी एकटा २९१! पोरीचा सगळा आलेख माझ्यापाशी येऊन ठेचकाळतो. "सर म्हणाले, उज्ज्वलानं नमुने बदलले असणार." मी मान डोलावली.

डोलावली!

मंगळवार, १०
रोहिणीनं तक्रार केली. लॅबच्या मालकानं उज्ज्वलाला सांगितलं – उद्यापासून येऊ नको.
"बाबा, तुम्ही लिहाच यावर. असला निष्काळजीपणा!"
पुढाऱ्यांच्या थापांवर चारशे लेख पाडलेत मी. आज पेनाचं टोपण लावून ठेवलं.

बुधवार, ११
सकाळी रोहिणीसमोर बसलो. खांद्यावरचा रुमाल तिच्या हातावर टाकला, खालून चार बोटं दिली. तिला गंमत वाटली. मग हसू गेलं.
"रोज?"
पाचवं बोटही दिलं.
तिनं उठून आधी उज्ज्वलाला फोन लावला, मग मालकाला – "चूक आमच्या घरची आहे."

परत येऊन बसली. रुमाल तिनंच ओढून घेतला. खालून माझ्या तळव्यात दोन बोटं दाबली.

पाकिटाचं गणित बरोबर होतं.