कलम ४ मधील ‘बाग’

सोम., १० नोव्हें.
मृत्युपत्राचा मसुदा शाहूपुरीत वकीलसाहेबांकडे दिला. कलम ४: राहता फ्लॅट माझ्या पश्चात बागेच्या देखभालीसाठी. पत्नी सुनंदा असताना वीस वर्षे रविवारची सकाळ आम्हा दोघांची तिथेच जाई. तिथल्या नेच्यांच्या (फर्नच्या) घराचे छप्पर आता गळते. एक प्रत आजऱ्याला आक्काला पाठवली. थोरली बहीण, तिच्यापासून लपवून काही करायचे नाही.

शुक्र., १४ नोव्हें.
आक्काचा फोन. इतकी आनंदात कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. “आप्पा, बागेचा इचार केलास रं! ह्यास्नी रडूच आलं की.”
उमगायला वेळ लागला. आमच्या घरात ‘बाग’ म्हणजे आजऱ्याची काजूबाग. आक्का व दाजी तीच कसतात. इथल्या वनस्पती उद्यानाला ‘बाग’ म्हणत असू ते फक्त सुनंदा आणि मी.
मी “बरं” एवढेच म्हणालो.
वकीलसाहेबांना सांगितले, तर हसले. “तीस वर्षं कारखान्याचे करार तपासताय, आणि स्वतःच्या मृत्युपत्रात ‘बाग’?” उद्यानाचे पूर्ण नाव, पत्ता घातला.

शनि., १५ नोव्हें.
आक्काला फोन केला नाही. कारण काही नाही.

रवि., १६ नोव्हें.
आजरा. समक्ष सांगितले. दाजी उठून गोठ्यात गेले.
आक्का: “झाडांस्नीच द्यायचं हुतं, तर हितली झाडं काय तुझ्यावर रुसल्यात व्हय?”
पाने मांडायला उठलो.
जेवायला वाढताना म्हणाली, “गावात सांगून बसलोय रं आमी.”

बुध., १९ नोव्हें.
साक्षीदार दोन हवेत. पहिले, कारखान्यातील सहकारी, ठरले. वकीलसाहेब: “बहिणीला आता काही मिळत नाही, त्यामुळे त्या साक्षीदार चालतील. पुढे वादही उरणार नाही.” कायद्याने बिनचूक. बाकी…
तरी फोनवर आक्काला विचारले. म्हणाली, “आदी दाव मला ती तुजी बाग.”

रवि., २३ नोव्हें.
आक्का एकटीच आली. दोन तास फिरली. नेच्यांच्या घरात माळ्याला म्हणाली, “ह्ये तर आमच्या वढ्याकडंला उगंच उगवतंय. ह्येला घर कशाला?”
माळी: “आक्का, तेवढा वढा हितं आणून द्या, घर पाडतो की!”
हसली. गेल्या रविवारनंतर प्रथमच.
दुरुस्त मसुदा दिला. तिने कलम ४ वर बोट ठेवून दोनदा वाचले. “आता बाग लिवलं न्हाईस.”
“नाही.”
घडी करून पिशवीत टाकला. ती एसटीत चढताना मी विचारले, बुधवारी अकराला नोंदणी, साक्षीला येशील? “ह्यास्नी वाचून दावतो, मग बघू.”
वकीलसाहेबांना कळवले. दुसरे नाव सुचवू का, म्हणाले.
नको म्हणालो. दुसऱ्या साक्षीदाराची जागा कोरीच ठेवा.