शेषगिरीच्या दारावरचा बोर्ड

शिवाजीनगर, बेंगळूरू
१२ फेब्रुवारी २०२४

ती. विनोदअण्णांस,
रूपश्रीचा शि. सा. नमस्कार.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून लिहिते. आईचे गुडघे कसे आहेत? तिने पाठवलेलं मेतकूट संपलं.

अजित गेल्यावर माझ्या दिराने, शेषगिरीने, काय केलं ते तुम्ही पाहिलंच आहे. तेरावा होताच आमच्या बोर्डांच्या वर्कशॉपला नवं कुलूप. गिऱ्हाइकांना सांगितलं की वहिनी नुसते रंगाचे डबे उचलून द्यायच्या, अक्षरं कोरायचा तो माझा भाऊ अजित. मीच कोरलेली अक्षरं दाखवून सांगितलं. आता स्वतःच्या सासऱ्यांच्या, भीमाचार्यांच्या, आधाराने तो इंदिरानगरात फर्निचरचं दुकान काढतोय. त्याचा बोर्ड माझ्याकडे आलाय. सजावटीचं काम पाहणाऱ्या रक्षिताने दिला. आमचं नातं तिला ठाऊक नाही आणि बोर्ड कुणाकडे गेलाय ते त्याला ठाऊक नाही.

सागवानाची फळी आहे, माझ्या उंचीपेक्षा लांब. अक्षरं कोरून झाली. वरून घरातल्या कपाटाला लावतात ते चकचकीत पॉलिश देणार. फळीच्या कापलेल्या टोकांतून लाकूड सगळ्यात जास्त पाणी पितं. ती टोकं आणि पाठ कोरडीच ठेवणार. पाडव्याला उद्घाटन आहे, तोवर बोर्ड आरशासारखा दिसेल. मग चार पाऊस पडले की पापुद्रे सुटतील, अक्षरं काळी पडतील, आणि रोज त्याखालून त्याला आत जावं लागेल. अण्णा, किती दिवसांनी मला भूक लागते आहे.

वहिनींना नमस्कार. रागावलात तरी उत्तर लिहा.
तुमची, रूपश्री

बेळगाव
२० फेब्रुवारी २०२४

चि. रूपश्रीस अनेक आशीर्वाद.

रागावलो नाही. पत्र आईला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली की बोर्डाच्या पाठीला मीठही चोळ म्हणावं. गुडघ्यांचं विचारलंस, त्या आनंदात ती काठीशिवाय स्वयंपाकघरापर्यंत जाऊन आली.

पण एक विचारतो. बोर्ड खराब झाला की रक्षिता तुझं नाव सांगणारच. मग शेषगिरी काय म्हणेल? बघा, मी सांगत होतो ना, त्यांना काम येत नाही. आज तो खोटं बोलतो आहे. ते खोटं तू आपल्या हाताने खरं करून देणार का? सूड घेऊ नकोस असं मी म्हणत नाही. त्याला तोंड उघडायला जागा राहणार नाही असा घे.

तुझी वहिनी कुंदा पाठवते आहे. भूक लागतेय तोवर खाऊन घे.
तुझा, अण्णा

शिवाजीनगर
११ एप्रिल २०२४

ती. अण्णांस शि. सा. नमस्कार.

तुमच्या पत्राचा इतका राग आला की बोर्डाकडे बघवेना. मग एका सकाळी तोवर दिलेलं सगळं पॉलिश खरवडून काढलं. टोकांना पातळ वॉर्निश पुन्हा पुन्हा पाजलं, लाकूड प्यायचं थांबेपर्यंत. पाठीलाही पुढच्याइतकेच हात दिले, उन्हापावसात टिकणाऱ्या वॉर्निशचे, मधे मधे पॉलिशपेपर मारून. भिंतीपासून बोटभर जागा सोडून बसवायला लावला, मागून वारा खेळावा म्हणून.

उद्घाटनाला भीमाचार्यांनी अक्षरांवर हात फिरवला आणि कारागीर कोण म्हणून विचारलं. रक्षिताने मला पुढे केलं. शेषगिरीचा चेहरा उतरला. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "भाऊजी, हा बोर्ड मी कोरला. आपल्या वर्कशॉपमधलेही मीच कोरत होते."

तो कॉफीचं बघतो म्हणून आत गेला तो पाहुणे जाईपर्यंत बाहेर आला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने बोर्ड उतरवायला सांगितला. त्याच्या सासऱ्यांनी उतरवू दिला नाही. आणि बाहेरच्या लाकडाला दरवर्षी नवा हात द्यावा लागतो. तो मीच देणार असं रक्षिताने ठरवून टाकलं आहे.

मन शांत झालं असं मात्र समजू नका. कुंदा फार छान होता.
तुमची, रूपश्री

शिवाजीनगर
१० मे २०२५

ती. अण्णांस शि. सा. नमस्कार.

काल वर्षाचा हात द्यायला गेले होते. धूळ धुतल्यावर अक्षरं जशीच्या तशी निघाली. फुटपाथ उंचसखल, शिडी डुगडुगत होती. भीमाचार्यांनी शेषगिरीला ती धरायला लावली. एक गिऱ्हाईक बाई थांबल्या आणि त्याला विचारू लागल्या, या कोण? मी ब्रश थांबवला, पण खाली उतरले नाही.

शेवटी तो पुटपुटला. रस्त्याच्या आवाजात बाईंना ऐकू आलं नाही, म्हणून त्याला मोठ्याने सांगावं लागलं. "आमच्या वहिनी. अक्षरं पहिल्यापासून याच कोरतात."

बोर्ड छज्ज्याच्या सावलीत होता, तो मात्र उन्हात. त्याने विचारलं, झालं का, शिडी सोडू का? मी म्हटलं, "स्वल्प थांबा, भाऊजी. अजून एकदा ब्रश फिरवायचाय." तशी गरज नव्हती. या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवला.

आईला हे मोठ्याने वाचून दाखवा. तिला म्हणावं, मीठ चोळावं लागलं नाही.
तुमची, रूपश्री