बुजगावण्याच्या अंगातला टीशर्ट

रविवार, बाळापूर. दिवेलागण.

काहून विचारलं नाही मी तिले? नात मीनू अमरावतीहून सुट्टीत आली. तिचा काळा, खांद्यावर फाटका टीशर्ट मले टाकाऊ वाटला. खांदा शिवून वांग्याच्या वावरातल्या बुजगावण्याले घातला.

आज कळलं. एकाच इयरफोनवर आळीपाळीनं ऐकून-ऐकून मीनू अन् तिच्या दोघी मैत्रिणी कोण्या रॉक बँडच्या वेड्या झाल्या, अन् त्याच्या गायकासारखे आपापल्या टीशर्टचे खांदे त्यांनीच कात्रीनं फाडले. उद्या अकोल्यात त्याच बँडचा कार्यक्रम, तिघी तेच टीशर्ट घालून जाणार होत्या.

भांडली असती तर बरं. म्हणे, "राहू द्या आबा, त्याले शोभून राहिला." अन् डोळे पुसले.

टीशर्ट धुतला. आता तो खांदा उसवून राहिलो. मीनू बाजूले येऊन बसली, इयरफोनचं एक टोक माझ्या कानात घातलं. माझ्याच्यानं मान वर करवली नाही.